लग्न पुढे गेलं, गार्डनवाला म्हणतो ॲडव्हान्स विसरा

इंदूरच्या राजेंद्रनगरच्या ताई, सासूबाई गेल्याचं वाचून फार वाईट वाटलं, तेही लग्न महिन्यावर आलेलं असताना. तुमची अडचण थोडक्यात अशी, की मेमध्ये मुलीचं लग्न होतं, मॅरेज गार्डनला तीन लाखांपैकी दीड लाख ॲडव्हान्स दिलेला, सुतक फिटलं तरी घरात इतक्यात मंगलकार्य नको म्हणून देवउठनी ग्यारशीनंतरची, म्हणजे कार्तिकी एकादशीनंतरची, तारीख मागितली तर तो म्हणतो पावतीमागे छापलंय, ॲडव्हान्स वापस नहीं होगा, आणि नवीन तारखेला पूर्ण नवीन बुकिंग.

आधी एक करा, त्याला जे लिहाल त्यात कॅन्सल हा शब्द कुठेही घालू नका. तारीख बदलून द्या आणि दिलेले दीड लाख त्यात धरा, इतकंच लिहा, नाहीतर उद्या तोच कागद तो तुमच्यासमोर ठेवेल. फोनवर तो बघू, ॲडजस्ट करू असं काही बोलला तर त्याच संध्याकाळी व्हॉट्सॲपवर लिहून टाका, की भैया, आज आपलं असं बोलणं झालं. आणि ती चॅट डिलीट करू नका.

आता कोणीतरी सांगेलच की करार अधिनियमाचं कलम 56 लावा, म्हणजे करार पाळणंच अशक्य झालं तर तो संपतो ते. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये ते लागू पडायचं कारण सरकारनेच कार्यक्रम बंद केलेले, गार्डन देताच येत नव्हतं, मग कलम 65 खाली पैसे परत मागता यायचे. तुमच्या वेळी गार्डन उघडं होतं, त्यामुळे मी त्या वाटेला जाणार नाही. तुमचा जोर कलम 74 वर, म्हणजे करार मोडल्यावरच्या भरपाईच्या कलमावर. करार मोडला असं धरलं तरी समोरच्याला वाजवी भरपाईच मिळते, छापलेली रक्कम ही फक्त वरची मर्यादा असते, आणि सुप्रीम कोर्टाने 2015 मध्ये कैलाश नाथ असोसिएट्सच्या केसमध्ये सांगितलंय की नुकसानच झालं नसेल तर भरपाई नाही. तो म्हणेल हा बयाणा आहे, म्हणजे सौदा पक्का करायला दिलेली आणि सौदा मोडला तर जप्त होणारी रक्कम, पण अर्धी रक्कम म्हणजे बयाणा हे त्याला पटवून द्यायला जड जाईल.

म्हणून सगळं एका गोष्टीवर येऊन थांबतं, त्या तारखेला तिथे दुसरं लग्न लागलं का? मेमधला मुहूर्त, महिनाभर आधी तारीख मोकळी झालेली, ती रिकामी राहिली असेल असं मला तरी वाटत नाही. बँडवाले, फुलवाले, टेंटवाले यांना सगळं ठाऊक असतं, त्यांना विचारा, आणि गेटवर लावलेल्या नवरा-नवरीच्या नावांच्या बोर्डाचा फोटो कोणाकडे मिळाला तर फारच छान. दुसरं लग्न लागलं असेल तर त्याने एकाच दिवसाचे दोनदा पैसे घेतले, हे पत्रात सरळ लिहा.

रेटचं मात्र खरं सांगते, नवीन तारखेला जुनाच रेट द्यायची सक्ती त्याच्यावर नाही, त्याला दोघांची संमती लागते. दीड लाख पूर्ण धरून वरचा फरक द्यायची तयारी दाखवा, त्यात कमीपणा नाही. कॅटररलाही ॲडव्हान्स दिला असेल तर त्याने अजून किराणाही भरला नसणार, त्यालाही हेच सांगा.

नाहीच ऐकलं तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, मग इंदूरचं जिल्हा उपभोक्ता आयोग, पाच लाखांपर्यंत फी नाही, मुदत दोन वर्षं. पण आधी पंधरा दिवसांची मुदत देऊन रजिस्टर्ड पत्र पाठवा, पावतीची दोन्ही बाजूंची झेरॉक्स जोडून.