फॉर्म गेला म्हणजे नेमकं काय गेलं?

कसोटी फलंदाजांच्या चढउतारांविषयी आलेल्या पत्रांपैकी सहा प्रश्न या अंकासाठी निवडले आहेत. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

विनोद कांबळीची कसोटी सरासरी ५४.२०, म्हणजे सचिनच्या ५३.७८ पेक्षा थोडी जास्तच. तरी तो १७ कसोट्यांवर थांबला. हा अन्याय नव्हता का?
— एक वाचक, डोंबिवली

त्याचे डाव क्रमाने मांडले की ही सरासरी कुठून आली ते दिसतं. पहिल्या सात कसोट्यांतले आठ डाव असे : १६, नाबाद १८, ५९, २२४, २२७, १२५, ४, १२०. बेरीज ७९३, बाद सात वेळा, सरासरी ११३.२९. हे सगळं १९९३ या एकाच वर्षातलं. उरलेल्या दहा कसोट्यांत १३ डाव, २९१ धावा, सरासरी २२.३८. दोन्ही भाग एकत्र केले की ५४.२० येते. पण ५४ च्या सरासरीने खेळणारा कांबळी कधी नव्हताच. आधी ११३ चा होता, नंतर २२ चा.

खेळपट्ट्या बदलल्या म्हणून हे झालं असं म्हणता येत नाही, कारण नंतरचेही बहुतेक डाव भारतातच झाले. बदलला तो मारा. १९९४ च्या अखेरीस वेस्ट इंडिजचे वेगवान गोलंदाज इथे आले आणि छातीच्या उंचीवर येणाऱ्या चेंडूने त्याला बांधून ठेवलं. त्या मालिकेत सहा डावांत ६४ धावा, त्यात तीन भोपळे. पहिल्या वर्षी फलंदाज नवा असतो, त्याचं दुखणं कुणाला ठाऊक नसतं. वर्षभरात ते सगळ्या संघांना कळतं, आणि मग त्याला तोच चेंडू पुन्हा पुन्हा खेळावा लागतो.

सुनील गावस्करांचंही सुरुवातीला असंच झालं होतं. १९७१ च्या वेस्ट इंडिज दौऱ्यात चार कसोट्यांत ७७४ धावा, सरासरी १५४.८०. (२०१९ च्या अ‍ॅशेसमध्ये स्टीव्ह स्मिथनेही चार कसोट्यांत बरोबर ७७४ केल्या. आकडेवारीच्या नादी लागलेल्यांना असे योग फार आवडतात.) पण त्यानंतरच्या आठ कसोट्यांत गावस्करांचं एकही शतक नाही. पुढचं शतक आलं थेट जून १९७४ मध्ये, ओल्ड ट्रॅफर्डवर, १०१. मधल्या काळात ते संघात टिकले आणि पुढे १०,१२२ धावांपर्यंत गेले. कांबळीची शेवटची कसोटी नोव्हेंबर १९९५ मधली, तेव्हा तो २३ वर्षांचा होता. ५४.२० या आकड्यावरून अन्याय झाला असं म्हणणं आम्हाला पटत नाही. २३ व्या वर्षी दार कायमचं बंद व्हायला नको होतं, हे मात्र पटतं.

एखाद्या फलंदाजाचा फॉर्म घरच्या घरी मोजायचा तर कसा मोजावा? मी एक्सेल वापरतो.
— एक वाचक, सांगली

पाच रकाने पुरतात : डावाचा अनुक्रमांक, तारीख, धावा, बाद (१) किंवा नाबाद (०), आणि बाद होण्याचा प्रकार. सहाव्या रकान्यात विसाव्या डावापासून खाली एकच सूत्र ओढा : मागच्या २० डावांतल्या धावांची बेरीज भागिले त्याच २० डावांतल्या ‘बाद’ची बेरीज. या आकड्यांचा आलेख काढला की कारकिर्दीचे डोंगर आणि दऱ्या समोर येतात. दहाच डाव घेतले तर एका द्विशतकाने रेघ आभाळाला भिडते. चाळीस घेतले तर घसरण दिसेपर्यंत दीड-दोन वर्षं निघून जातात. म्हणून २०.

चुका ठरलेल्या असतात. धावांना डावांनी भागणं ही पहिली. भागायचं ते बाद होण्याच्या संख्येने. दुखापतीने निवृत्त झालेला फलंदाज नाबाद धरतात, हे विसरणं दुसरी. आणि सर्रास होणारी तिसरी चूक म्हणजे कॅलेंडरच्या वर्षाने कापणं. २०२० साली विराट कोहली तीनच कसोट्या खेळला. तीन कसोट्यांच्या ‘वर्षा’वरून काय ठरवणार? कापायचं ते डावांच्या मापाने.

कोहलीचंच उदाहरण पुढे नेऊ. ऑक्टोबर २०१९ मध्ये पुण्याजवळ गहुंजेला नाबाद २५४ केल्यानंतर त्याची सरासरी ५५.१० झाली, कारकिर्दीतली सर्वोच्च. पुढच्या महिन्यात कोलकात्याला १३६ केल्या तेव्हा हिशेब होता १४१ डाव, ७,२०२ धावा, ५४.९७. त्यानंतर २०२० ते २०२२ या तीन वर्षांत २० कसोट्यांत ९१७ धावा झाल्या, बाद ३५ वेळा, म्हणजे २६.२ ची सरासरी. पण २०२२ संपताना कारकिर्दीची सरासरी टीव्हीवर झळकत होती ४८.९! आधीच्या १३१ बादांचं ओझं एवढं की नव्या ३५ बादांनी काटा जेमतेम सहाने हलला. कारकिर्दीची सरासरी कालचं सांगते, ती अशी. कोलकात्यानंतरचे सगळे डाव धरले, निवृत्तीपर्यंतचे, तर ६९ डावांत २,०२८ धावा आणि सरासरी ३०.७३ येते.

सलग चार-पाच डाव गेले की लगेच ‘फॉर्म हरवला’ म्हणतात. कधी ते खरं, कधी नुसतं नशीब?
— एक वाचक, नागपूर

कागदावर करून बघा. पन्नासच्या आसपास सरासरी असलेला फलंदाजसुद्धा दहापैकी चार वेळा वीसच्या आत बाद होतो असं धरू. नजर बसेपर्यंतचे पहिले २०-३० चेंडू सगळ्यांनाच अवघड असतात. मग सलग पाच डाव वीसच्या आत जाण्याची शक्यता ०.४ चा पाचवा घात, म्हणजे साधारण शंभरात एक. पण २०० डाव खेळणाऱ्याला अशी ओळ लागण्याची संधी पुन्हा पुन्हा येते, त्यामुळे कारकिर्दीत एखाद-दोन वेळा ती लागतेच, काहीही बिघडलेलं नसताना. पाच डावांवर निकाल देऊ नये तो यासाठी.

शतकांनाही हेच लावा. कोलकात्यापर्यंत कोहलीची १४१ डावांत २७ शतकं होती, म्हणजे सव्वापाच डावांना एक. या वेगाने दहा डाव शतकाविना जाणं अगदी साधं आहे, आठातून एकदा होईल. पण पुढे ४० हून अधिक डाव शतक आलं नाही, ते थेट मार्च २०२३ मध्ये अहमदाबादला. निव्वळ योगायोगाने असं घडण्याची शक्यता दहा हजारात एक-दोन एवढी येते. तिथे नशिबाचं नाव घेता येत नाही. काहीतरी बदललं होतं.

उलटं टोक श्रीलंकेच्या मार्व्हन अटापट्टूचं. १९९० ते १९९४ मधल्या त्याच्या पहिल्या तीन कसोट्या : ०, ०, ०, १, ०, ०. सहा डावांत एक धाव आणि दोनदा चष्मा (एकाच कसोटीच्या दोन्ही डावांत शून्य). या माणसाने पुढे सहा द्विशतकांसह ५,५०२ कसोटी धावा केल्या. सहा डावांचा पुरावा किती कच्चा असतो, ते यावरून पाहा.

यष्टिरक्षण करणाऱ्या फलंदाजाची सरासरी त्यामुळेच कमी राहते का?
— एक वाचक, फोंडा

बऱ्याच अंशी हो. श्रीलंकेचा कुमार संगकारा यष्टिरक्षक म्हणून ४८ कसोट्या खेळला, सरासरी ४०.४८. ग्लोव्ह्ज उतरवून ८६ खेळला, सरासरी ६६.७८. दीड दिवस प्रत्येक चेंडूला उठबस केल्यावर तिसऱ्या क्रमांकावर पॅड बांधून जायचं, म्हणजे पाय आणि एकाग्रता दोन्ही दमलेली असतात. वयाबरोबर आलेला अनुभवही त्या ६६ मध्ये आहे, सगळा फरक ग्लोव्ह्जचा धरू नये.

फॉर्म परत आणणारे नेमकं काय करतात? आणि वय झालं म्हणून गेलेला फॉर्म वेगळा ओळखता येतो का?
— एक वाचक, इंदूर

आधी बाद होण्याचा रकाना वाचायचा. २०१४ च्या इंग्लंड दौऱ्यात कोहलीच्या दहा डावांत १३४ धावा, सरासरी १३.४०, त्यात चार वेळा वेगवान गोलंदाज जेम्स अँडरसनने बाद केलं. बाद होण्याची तऱ्हा सारखीच : ऑफ स्टंपच्या जरा बाहेर पडून आणखी बाहेर जाणारा चेंडू, बॅटची कड, मागे झेल. मूळ कंबरेत होतं. आत येणाऱ्या चेंडूच्या धास्तीने कंबर लवकर उघडायची आणि बाहेर जाणाऱ्या चेंडूला बॅट शरीरापासून लांब राहायची. उपाय दोन झाले. उभं राहताना मागच्या पायाचा अंगठा कव्हरऐवजी (ऑफला तिरकं पुढे) पॉइंटकडे (ऑफला सरळ आडवं), म्हणजे खांदा-कंबर बाजूने बंद राहते. आणि क्रीजच्या बाहेर उभं राहून स्विंग पूर्ण होण्याआधीच चेंडू गाठायचा. २०१८ मध्ये त्याच इंग्लंडमध्ये ५९३ धावा, सरासरी ५९.३०, आणि अँडरसनला त्याची विकेट एकदाही मिळाली नाही.

दुसरी वाट फटका काढून टाकण्याची. २००३-०४ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात सचिनचे कसोटी डाव होते ०, १, ३७, ०, ४४. सिडनीला त्याने कव्हर ड्राइव्ह कपाटात ठेवला. ऑफ स्टंपबाहेरचे ड्राइव्हचे चेंडू सोडत गेला, गोलंदाज कंटाळून यष्ट्यांवर आले की लेगला धावा घेतल्या. ४३६ चेंडूंत नाबाद २४१. असा संयम दहा तास पाळणं म्हणजे काय, हे सहाव्या यष्टीवरच्या (ऑफ स्टंपच्या बऱ्याच बाहेरच्या) हाफ-व्हॉलीला, म्हणजे बॅटजवळ टप्पा पडणाऱ्या सोप्या चेंडूला, हात आवरून पाहणाऱ्यालाच कळेल. हे औषध कायमचं नसतं, हेही सांगायला हवं. फटका बंद ठेवला की धावांच्या जागा कमी होतात आणि संघ लवकरच तसं क्षेत्ररक्षण लावतात.

वयाचं चित्र वेगळं असतं. ताशी १४० किलोमीटरचा चेंडू हातातून सुटल्यावर अर्ध्या सेकंदाच्या आत फलंदाजापाशी येतो. टप्पा ओळखायला कणभर उशीर झाला तर पुढचा पाय अर्धवट पडतो आणि बॅट व पॅडमध्ये फट राहते. म्हणून वय दिसतं ते त्रिफळाचीत आणि पायचीत या दोन प्रकारांत. राहुल द्रविडने २०११ मध्ये, ३८ व्या वर्षी, इंग्लंडमध्ये पडत्या संघाकडून तीन शतकांसह ४६१ धावा केल्या. काही महिन्यांतच ऑस्ट्रेलियात आठ डावांत १९४, आणि आठपैकी सहा वेळा त्रिफळाचीत. आयुष्यभर ज्याच्या बचावातून चेंडू जात नव्हता त्याच्या यष्ट्या सहा वेळा पडल्या. मार्च २०१२ मध्ये तो निवृत्त झाला. निर्णय अचूक होता.

वयाची ही घसरण सहसा हळूहळू उतरत नाही, पायरीसारखी येते. सचिनने २०१० साली, ३७ व्या वर्षी, सात शतकांसह १,५६२ कसोटी धावा काढल्या. जानेवारी २०११ मध्ये केपटाउनला १४६, आणि त्यानंतर नोव्हेंबर २०१३ पर्यंत एकही कसोटी शतक नाही. इंग्लंडच्या ग्रॅहम गूचने तर १९९० मध्ये लॉर्ड्सवर भारताविरुद्ध ३३३ केल्या तेव्हा त्याची सदतिशी नुकतीच पूर्ण झाली होती. त्यामुळे ३५ झाले की काढा, हा हिशेब चुकीचा. त्रिफळाचीत आणि पायचीतचं प्रमाण मागच्या २० डावांत किती वाढलं ते पाहा.

मुलगा १६ वर्षांचा, क्लबकडून खेळतो. नऊ डावांत सर्वोच्च २३. सर म्हणतात ग्रिप (बॅट धरण्याची पद्धत) बदल, मित्र म्हणतात स्टान्स (उभं राहण्याची पद्धत) बदल. काय करावं?
— एक पालक, कोल्हापूर

दोन्ही एकदम बदलू नका. एकाच वेळी दोन गोष्टी हलवल्या तर कशाने फरक पडला हे कधीच कळत नाही. आधी नऊही डाव वहीत लिहा : कितवा चेंडू, नवा की जुना, टप्पा, रेषा, कोणता फटका, कसा बाद. नवापैकी पाच-सहा वेळा एकच गोष्ट दिसली तर दुखणं तंत्रात आहे. सगळे प्रकार वेगवेगळे असतील तर बहुधा काहीच मोडलेलं नाही. ग्रिपला हात न लावता आणखी दहा डाव खेळू द्या.

तंत्रात असेल तर मोबाइलवर स्लो मोशनमध्ये दोन ठिकाणांहून चित्रण करा, एकदा गोलंदाजाच्या हाताच्या मागून आणि एकदा स्क्वेअर लेगवरून, मोबाइल कंबरेच्या उंचीवर. हातून चेंडू सुटतो त्या क्षणी चित्र थांबवा. डोकं ऑफकडे कलंडलेलं आहे का? डोळे समांतर आहेत का? मग टप्प्याच्या क्षणी थांबवा : पुढचा पाय टेकलाय की अजून हवेत आहे? शाळकरी आणि क्लब फलंदाजांमध्ये बहुतेक वेळा दोष यातच सापडतो. ग्रिपमध्ये क्वचितच.

नेटमध्ये सुरुवातीचे २४ चेंडू नव्या चेंडूने, आणि त्यात ऑफ स्टंपबाहेरचे सगळे सोडायचे. मग १५ मीटरवरून थ्रो-डाउनचे (हाताने फेकलेले) ३० चेंडू, फक्त बचाव आणि सरळ बॅट. नेटमधली मोठी अडचण म्हणजे तिथे बाद होण्याची किंमत नसते. म्हणून मोजून तीनदा बाद झाला की पॅड उतरवायचे, अर्धा तास उरला असला तरी. पहिल्या आठवड्यात तो दहा मिनिटांत बाहेर येईल आणि रुसेल. तेव्हा चेंडू वाढवून देऊ नका.