माजी सैनिकाला पीटीएसडी आहे की नाही, हे कसे तपासतात?

आपले वडील सैन्यातून निवृत्त झाले असून रात्री दचकून उठतात आणि फटाके वाजू लागले की दारे-खिडक्या लावून घेतात, तेव्हा हा पीटीएसडी (भयंकर प्रसंगाच्या आघातानंतर जडणारा मानसिक आजार) आहे का, असे आपण विचारले आहे.

या आजाराचे निदान रक्ततपासणीने किंवा स्कॅनने होत नाही. बहुतेकदा प्रथम पीसीएल-५ ही २० प्रश्नांची प्रश्नावली भरून घेतात. तिच्यात गेल्या महिन्याभरातील त्रासाला प्रश्नागणिक ० ते ४ गुण असतात आणि बेरीज ३१ ते ३३ च्या घरात किंवा त्यापुढे गेली, तर सविस्तर तपासणी आवश्यक मानली जाते. मात्र तो आकडा म्हणजे निदान नव्हे. निदान मानसोपचारतज्ज्ञ प्रत्यक्ष मुलाखतीतून करतात, आणि त्यासाठी लक्षणे महिन्याहून अधिक काळ टिकलेली असावी लागतात.

माझ्या मते घरच्यांची नोंद इथे फार मोलाची ठरते, कारण 'मला काही झालेले नाही' एवढेच सांगून गप्प बसणारे जवान पुष्कळ असतात. वडील भिंतीला पाठ लावूनच जेवायला बसतात का, गर्दीचे लग्न टाळतात का, किती रात्री जागे असतात, हे तारखेसह लिहून ठेवावे आणि त्यांच्या संमतीने डॉक्टरांना दाखवावे.

ईसीएचएस या माजी सैनिकांसाठीच्या आरोग्य योजनेचे सदस्य असल्यास जवळच्या पॉलिक्लिनिकमधून तज्ज्ञांकडे चिठ्ठी मिळते. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. जगणे नकोसे झाल्याचे ते बोलत असतील, तर त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे.