बाळ घरी येण्यापूर्वी कुत्र्याला कसे तयार करावे?
दोन महिन्यांनी बाळ येणार असून कुत्रा आजवर आपल्याच पलंगावर झोपतो, तर त्याला कसे तयार करावे, असे आपण विचारले आहे. झोपण्याची जागा आणि फिरायला नेण्याची वेळ यांतील बदल आजच सुरू करावेत, कारण ते बाळ आल्याच्या दिवशी केले तर कुत्रा आपल्या दुराव्याचा संबंध बाळाशी जोडण्याची शक्यता असते. बाळाच्या रडण्याचे ध्वनिमुद्रण आधी अगदी हळू लावावे, तो शांत राहिला की खाऊ द्यावा आणि मगच आवाज थोडा थोडा वाढवावा. रेबीजची लस व जंताचे औषध अर्थातच वेळेवर द्यावे. बाळंतपण माहेरी होणार असल्यास बाळाचे वापरलेले दुपटे आधी घरी आणून त्याला हुंगू द्यावे.

मला सर्वांत कळकळीने सांगावेसे वाटते ते असे की, तो बाळाकडे पाहून गुरगुरला तर त्याला मारू नये; गुरगुरणे ही पूर्वसूचना असते आणि ती शिक्षेने दडपली गेली, तर पुढच्या वेळी तो सूचना न देताच चावू शकतो. अशा वेळी बाळाला शांतपणे दूर न्यावे व पशुवैद्यांना भेटावे. कुत्रा कितीही प्रेमळ असला तरी दोघांना क्षणभरही एकटे सोडू नये, आणि बाळ रांगू लागल्यावर तर मुळीच नाही.