रत्नागिरीत बदली झालीय, मुलगी आठवीत, घरी कन्नड बोलतो, सगळ्या समाजांची मुलं असलेल्या हायस्कूलमध्ये रुळेल का?

रुळेल हो, नक्की रुळेल! आमच्याकडे किनाऱ्यावरच्या हायस्कूलमध्ये एकाच बाकावर कोळ्यांचा, कोकणी मुसलमानांचा, बागेत राखणीला असलेल्या नेपाळ्याचा मुलगा बसतो, आणि मधल्या सुट्टीत सगळे मिळून जी बोलतात ती भाषा कुठल्याच पुस्तकात नाही. मीपण पालकच आहे, म्हणून सांगते, शाळा बघायला जाल तेव्हा बिल्डिंग नका बघू, मधली सुट्टी बघा, कोण कोणाच्या डब्यात हात घालतंय ते बघा.

बाईंना एक जरूर विचारा, मराठी कच्चं असलेल्या मुलांना वेगळा वेळ देता का? कारण राज्यात मराठी सगळ्याच शाळांत सक्तीचं आहे, 2020 चा कायदा आहे तसा, आणि दहावीला भाषेच्या पेपरात 80 मार्क लेखी, 20 शाळेकडच्या तोंडीचे, म्हणजे बोलायची सवय लवकर लागली तर बरं.

जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला तरी आठवीपर्यंत प्रवेश अडवता येत नाही, शिक्षण हक्क कायदा 2009 मध्ये स्पष्ट आहे, घाबरू नका.

अजून एक, 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, त्यात आंब्याचा सीझनपण संपलेला, त्यामुळे बाहेरून आलेली बरीच कुटुंबं गावी जातात आणि काही मुलं उशिरा परततात. चांगली शाळा त्यांची वाट बघते, बुडालेलं शिकवून घेते. तुमची शाळा हे करते का, तेवढं विचाराच.