पोरांना ठरवू दे, तू जरा गप्प बस

अगं,

मेसेज वाचला तुझा. मिशिगनमधल्या कम्युनिटी फाउंडेशनने, म्हणजे गावातून निधी जमवून स्थानिक संस्थांना देणाऱ्या संस्थेने, तुला युथ कमिटीची, म्हणजे त्यातले काही पैसे वाटणाऱ्या शाळकरी पोरांच्या गटाची, ॲडव्हायजर केलंय, त्याबद्दल आधी अभिनंदन आणि लगेच सांगते की तुझं मुख्य काम गप्प बसण्याचं आहे, जे तुला किती जमतं ते मला चांगलं माहितीये.

आधी पोरं वाटणार ते पैसे आले कुठून ते बघ. बॅटल क्रीकचं केलॉग फाउंडेशन, तेच कॉर्नफ्लेक्सवाल्या केलॉगचं, त्यांनी १९९० च्या आसपास राज्यातल्या कम्युनिटी फाउंडेशन्सना सांगितलं की तुम्ही गावातून निधी जमवा, आम्ही भर घालतो, पण आमच्या पैशांचा कायमचा युथ फंड करायचा आणि त्यातल्या ग्रँट्स, म्हणजे अनुदानं, कुणाला द्यायच्या ते शाळकरी मुलांनी ठरवायचं. मुद्दलाला हात लावायचा नाही, दरवर्षी थोडी रक्कम वाटायची. हे पहिल्याच मीटिंगला सांग, कारण पोरांना वाटतं आपल्याला फंडरेझिंग करायचंय. आपलंही तेच की, गणपतीची पावतीपुस्तकं घेऊन जिने चढलो, मागायला पक्के शिकलो, देताना काय बघायचं ते कुणी शिकवलंच नाही.

आता अर्ज येतील. समजा हातात १२,००० डॉलर्स आहेत आणि मागणी ४०,००० ची, तर पोरं हमखास म्हणणार, सगळ्यांना थोडं थोडं देऊया, कुणी नाराज नको. इथे तुझी जीभ वळवळेल. लेक्चर देऊ नकोस, फक्त विचार, की या संस्थेने मुलांना थेरपीला न्यायला बसचं भाडं मागितलंय, आपण अर्धं दिलं तर बस जाणार का? आणि मग थांब. पाच मिनिटं कुणी बोलणार नाही, थांबायचं.

संस्थांचे हिशोब बघायला पोरांना फॉर्म ९९० उघडायला शिकव, टॅक्सवाल्यांकडे दरवर्षी जातो तो, ऑनलाइन फुकट मिळतो. एखादा हुशार पोरगा त्यात ॲडमिन खर्चाचा आकडा शोधून काढेल आणि विजयी चेहऱ्याने म्हणेल की बघा, पगारावरच एवढे उडवतात. अगं, समुपदेशन करणाऱ्या संस्थेत पगार हाच खर्च असणार ना! २०१३ मध्ये गाइडस्टार, चॅरिटी नॅव्हिगेटर वगैरे रेटिंगवाल्यांनीच उघड पत्र काढून सांगितलं होतं की ओव्हरहेडच्या, म्हणजे ॲडमिनसारख्या खर्चाच्या, टक्क्यावर संस्था जोखू नका. ते पत्र पोरांपुढे ठेव. उलटही होतं बरं का, वर्षाला साधारण ५०,००० डॉलर्सच्या आतली उलाढाल असेल तर ९९०-एन नावाचा चिमुकला ऑनलाइन फॉर्म भरला की झालं, आणि चर्चना तर तोही भरावा लागत नाही. म्हणजे चर्चच्या तळघरात चाललेल्या धान्यवाटपाचा काहीच कागद सापडणार नाही आणि पोरं म्हणणार फ्रॉड आहे. तेव्हा उठव त्यांना आणि घेऊन जा तिकडे. शेल्फवर काय आहे, फ्रिज चालू आहे का, लोक कधी येतात, कामावरून सुटून येणाऱ्याला ती वेळ जमते का, हे त्यांना विचारू दे. इंग्लिश गुळगुळीत म्हणून अर्ज आवडणं ही खोड पण अशा एका भेटीत बरीच जाते.

आणखी एक, एखाद्या संस्थेच्या बोर्डावर कुणाची आई असेल तर त्या मुलाने ते आधीच सांगायचं आणि चर्चा चालू असताना बाहेर जाऊन बसायचं. छोट्या गावात हे सारखं होणार. लाज वाटू देऊ नकोस, नियम म्हणून कर, तुझ्या ओळखीची संस्था असली तर तूही बाहेर.

निर्णय तुला पटला नाही तरी तो कायदेशीर आहे आणि फंडाच्या नियमात बसतोय ना, मग सही होऊन पुढे जाऊ दे. तू एकदा मागच्या दाराने फिरवलास की पोरं पुढच्या वेळी तुझ्या तोंडाकडे बघूनच मत देतील आणि मग कमिटी कशाला हवी.

नकार मात्र पोरांनाच कळवू दे, आणि फोनवर. ऑफिसच्या ठरलेल्या मेलने नाही. काय बोलायचं ते आधी लिहून घेतील, आवाज थरथरेल, समोरची बाई म्हणेल ठीक आहे, पण का नाही ते सांगता का? त्याचं उत्तर देता आलं पाहिजे, म्हणून मीटिंगमध्ये कारणं लिहून ठेवायची सवय लाव.

वर्षभराने संस्थेचा रिपोर्ट येतो तोवर बारावीची पोरं कॉलेजला गेलेली असतात, तर त्यांचे शाळेबाहेरचे ईमेल मे महिन्यातच घेऊन ठेव आणि रिपोर्ट त्यांनाही पाठव, पैसे वाया गेले असं त्यात लिहिलेलं असलं तरी.

तुझी मावशी