खुराड्यातली गोचीड आणि पुढचं शिक्षण

तू टी.वाय. बी.एस्सी.ला आहेस, विषय प्राणिशास्त्र. शिरपूरला घरच्या खुराड्याच्या फटींत चपट्या गोचिडी सापडल्या. त्यांच्या विषाणूंवर काम करायचं तर काय शिकू, असं विचारतेस, घरचे बी.एड. म्हणताहेत.

आधी दुरुस्ती. क्यासनूर जंगल रोग, म्हणजे माकडताप, तू मऊ गोचिडीच्या नावावर टाकलास. तो पसरवते हिमाफायसॅलिस, दिवसेंदिवस चिकटून राहणारी कठीण गोचीड. तुझी बहुधा अर्गास पर्सिकस, कोंबड्यांचं रक्त पिणारी मऊ गोचीड. ही प्रौढ झाली की दिवसा फटीत दडते, रात्री थोड्या वेळात रक्त पिऊन परत जाते. म्हणून दिवसा कोंबडी तपासून प्रौढ गोचीड हाती लागत नाही. तिने पसरणारा कोंबड्यांचा स्पायरोकीटोसिस हा मात्र जिवाणूचा रोग आहे, विषाणूचा नाही. विषाणूंचं खरं उदाहरण ऑर्निथोडोरोस, ही दुसरी मऊ गोचीड. आफ्रिकन स्वाइन फीवर या डुकरांच्या रोगाचा विषाणू तिच्यात वाढतो, नराकडून मादीत आणि अंड्यांतून पिलांत जातो. डुकरं हलवली तरी फटींत तो वर्षानुवर्षं टिकू शकतो.

मात्र गोचिडीत विषाणू सापडला म्हणून ती वाहक ठरत नाही. पोटात आजारी पक्ष्याचं रक्त असेल तर पीसीआर पॉझिटिव्ह येणारच. रक्त पचून, कात टाकूनही विषाणू टिकला आणि तिच्या चाव्याने निरोगी प्राण्याला लागण झाली, तर पुरावा. त्यासाठी कीटकशास्त्र आणि विषाणूशास्त्र दोन्ही लागतात.

पुदुच्चेरीच्या आयसीएमआर-व्हीसीआरसी या रोगवाहक कीटकांवरच्या संशोधन केंद्रात एम.एस्सी. पब्लिक हेल्थ एन्टोमॉलॉजी (सार्वजनिक आरोग्याचं कीटकशास्त्र) आहे, पुण्याच्या एनआयव्हीत, म्हणजे राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेत, एम.एस्सी. विषाणूशास्त्र. तुझा ओढा फटी धुंडाळण्याकडे दिसतो, म्हणून मी पुदुच्चेरी आधी सांगेन. जागा मोजक्याच, तेव्हा जळगावच्या विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयातल्या एम.एस्सी. प्राणिशास्त्राचा अर्जही भरून ठेव. मग सीएसआयआर-नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा. तिच्यातून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर २०२३पासून दरमहा ३७,००० रुपये आणि घरभाडं. घरच्यांना हा आकडा दाखव. बी.एड. नंतरही होतं. फक्त मऊ गोचिडीवर नोकऱ्या जवळपास नाहीत, पोट डासांवरच्या कामावर चालतं, हेही त्यांच्यापासून लपवू नकोस.

तोवर गोचीड बोटांनी चिरडू नकोस. हातमोजे घालून चिमट्याने उचल, ओळख पटवण्यासाठी ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेव. कुपीत पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी टाक: तारीख, गाव, कोणत्या फटीतली. पेनची शाई अल्कोहोलमध्ये उतरते. फॉर्मालिन नको, त्यातून पुढे डीएनए नीट मिळत नाही. विषाणू शोधायचा असेल तर नमुना जिवंत किंवा उणे ८० अंशांवर प्रयोगशाळेत पोचावा लागतो. घरच्या फ्रीजवर ते भागणार नाही.