पित्ताच्या कल्चरमध्ये 'ईएसबीएल' आलं म्हणजे काय?

तुम्ही लिहिलंय की आईंच्या (वय ५८) पित्ताशयात खडे आहेत आणि पोट दुखलं की अँटिबायोटिक, असे वर्षभरात तीन कोर्स झाले. आता थंडी वाजून ताप आणि कावीळ होऊन त्या ॲडमिट आहेत. ईआरसीपी करून, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून, पित्ताच्या नळीतला खडा काढला, नळी मोकळी राहावी म्हणून स्टेंट (छोटी पोकळ नळी) टाकला, आणि पित्ताच्या कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीत, 'ई. कोलाय, ईएसबीएल' आलं. निम्म्या औषधांसमोर 'आर' (रेझिस्टंट, म्हणजे त्या जंतूवर न चालणारं) बघून तुम्ही विचारताय, आईच्या शरीराला औषधांची सवय झाली का?

मी बावीस वर्षं मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमध्ये असे रिपोर्ट काढले. हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक घरातून यायचा.

सवय शरीराला होत नाही. बदलतात ते जंतू. निरोगी माणसाच्या पित्तात जंतू जवळपास नसतातच. पित्त सतत आतड्याकडे वाहतं, त्यामुळे खालचे जंतू वर चढू शकत नाहीत. खड्याने नळी अडली की पित्त तुंबतं आणि आतड्यातले ई. कोलाय, क्लेबसिएला, एन्टेरोकॉकस तिथे वाढतात. आता ते तीन कोर्स आठवा. प्रत्येक गोळीने आतड्यातले साधे जंतू मारले आणि औषध पचवणारे मागे ठेवले. नळी तुंबल्यावर वर चढले ते हेच उरलेले.

मला मनापासून वाईट वाटतं ते याचंच. खडा पित्ताशयाच्या तोंडाशी अडकून सुटला की जीवघेणी कळ येते, पण ताप नसेल, रक्तात पांढऱ्या पेशी वाढलेल्या नसतील, तर बहुधा तिथे इन्फेक्शन नसतं. त्या कळेला वेदनाशामक लागतं, अँटिबायोटिक नाही. अँटिबायोटिकने खडा विरघळतही नाही.

ईएसबीएल म्हणजे जंतूने बनवलेलं एक एन्झाइम. ते सेफ्ट्रिॲक्झोनसारखी औषधं तोडून टाकतं. मेरोपेनेम त्याला सहसा तुटत नाही, म्हणून आईंना ते चालू आहे. रिपोर्टमध्ये पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम या अँटिबायोटिकसमोर 'एस' (सेन्सिटिव्ह, म्हणजे चालणारं) असताना मेरोपेनेम का, ही तुमची शंका रास्त आहे. २०१८ साली एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. तिच्यातल्या रुग्णांच्या रक्तात सेफ्ट्रिॲक्झोनला न जुमानणारे ई. कोलाय किंवा क्लेबसिएला होते. तीस दिवसांत मेरोपेनेमच्या गटात ३.७ टक्के रुग्ण दगावले, पिपरासिलिन-टॅझोबॅक्टमच्या गटात १२.३ टक्के. तेव्हापासून अशा गंभीर रुग्णात डॉक्टर कागदावरच्या त्या 'एस'वर विसंबत नाहीत.

आणखी एक. रिपोर्टमधले 'एमआयसी'चे आकडे, म्हणजे जंतूची वाढ थांबवायला लागणारं औषधाचं कमीत कमी प्रमाण, एकमेकांशी ताडून बघू नका. एका औषधासमोर ०.२५ आणि दुसऱ्यासमोर ४ असेल, तर पहिलं जास्त चांगलं असं नसतं. प्रत्येक औषधाची मोजपट्टी वेगळी.

पण औषधापेक्षा महत्त्वाचं काम ईआरसीपीने केलंय. मोरी तुंबलेली असेल तर वरून कितीही औषध ओता, खाली पोचत नाही. पित्ताचंही तसंच, अडलेल्या नळीत अँटिबायोटिक नीट उतरतच नाही. नळी मोकळी झाल्यावर २०१८च्या टोकियो मार्गदर्शक सूचनांप्रमाणे साधारण ४ ते ७ दिवस पुरतात. ताप उतरला, काविळीचा आकडा खाली येतोय आणि डॉक्टर इंजेक्शन थांबवतायत, तर "अजून आठवडाभर द्या" असा आग्रह धरू नका.

पित्ताशयात खडे अजून आहेत, तेव्हा ते काढण्याचं ऑपरेशन लांबवू नका. दुर्बिणीतून होतं. भारतात पहिलं असं ऑपरेशन १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडियांनी केलं, आज ते तालुक्याच्या गावीही होतं.

आता स्टेंट. प्लास्टिकच्या स्टेंटवर जंतूंचा चिकट थर बसतो आणि तो बुजतो, म्हणून साधारण तीन महिन्यांच्या आत तो काढतात किंवा बदलतात. आमच्याकडे एक आजोबा आले होते, स्टेंट दोन वर्षं पोटात विसरलेला. पित्तात तीन जातींचे जंतू, आणि एकावर मेरोपेनेमही चालेना. डिस्चार्ज कार्डावर स्टेंट काढायची तारीख लिहून घेतल्याशिवाय घरी जाऊ नका. कल्चर रिपोर्टची झेरॉक्स त्याच फायलीत ठेवा आणि पुढे कधीही थंडी-ताप आला तर पहिली गोळी घ्यायच्या आधी ती डॉक्टरांना दाखवा.